अबलख पोनी रिंगमध्ये उतरवताना

चित्राला घोड्यांच्या पहिल्या सहा शोमध्ये एकदाही पहिल्या तिघांत जागा मिळाली नाही. चित्रा माझी पोनी, म्हणजे लहान चणीची घोडी. रंगाने अबलख: मान आणि खांदा काळाभोर, पुठ्ठा काळाभोर, मधला सगळा भाग पांढरा, चारही पाय पांढरे. सातव्या शोनंतर मी परीक्षकांना गाठलं आणि विचारलं, हिच्यात काय सुधारू? ते चांगल्या मनाने म्हणाले, "बाकी सगळं छान आहे हो, पाठ तेवढी लांब आहे."

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते मोजपट्टी काढण्याचं. खांद्याच्या टोकापासून मागच्या बसायच्या हाडापर्यंतची लांबी घेतली. मग मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंतची उंची घेतली. दोन्हींत दोन बोटांचा फरक निघाला. ज्या जनावराची लांबी आणि उंची जवळजवळ सारखी आहे, त्याची पाठ लांब कशी म्हणायची? त्या रात्री चित्राचे शोमधले फोटो मोबाईलवर काळे-पांढरे करून बघितले आणि उलगडा झाला. पुढे काळा, मागे काळा आणि मध्ये पांढऱ्याचा लखलखीत पट्टा. फिकट रंग नेहमी पसरल्यासारखा दिसतो, गडद रंग आकसल्यासारखा. परीक्षकांना पाठ दिसतच नव्हती, पट्टा दिसत होता.

तेव्हापासून मी एक भेद पक्का धरून चालते. वेगळ्या रंगाच्या पोनीला दोन प्रकारचे पूर्वग्रह आडवे येतात. एक डोळ्याचा असतो: रंगामुळे बांधा खरोखर वेगळा भासतो आणि प्रामाणिक माणूसही फसतो. दुसरा मनाचा: "असले रंग मला आवडत नाहीत." पहिल्याचा इलाज आपल्या हातात आहे, त्यासाठी मेहनत घ्यायची. दुसऱ्यासाठी नियमपुस्तक आणि वही लागते. दोन्हींची गल्लत केली की माणूस परीक्षकांवर चिडत बसतो आणि पोनी होती तिथेच राहते.

नियम आधी, तक्रार नंतर

प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या जातीचं मानक आणि त्या शोची नियमावली, दोन्ही शब्दन् शब्द वाचा. रंगाबद्दल प्रत्येक जातीचं म्हणणं वेगळं असतं. शेटलंड पोनीत ठिपकेदार सोडून सगळे रंग चालतात, म्हणजे अबलख शेटलंड अगदी नियमात बसतो. वेल्श पोनीत नेमकं उलट आहे, तिथे अबलख चालत नाही, बाकी रंगांना मोकळीक आहे. एक्समूर पोनीच्या अंगावर पांढरी खूण कुठेच चालत नाही. फ्रिजियन घोडा काळाच हवा, कपाळावर लहानशी चांदणी असली तर तेवढी खपते. आणि आइसलँडच्या घोड्यांत जवळजवळ सगळे रंग चालतात. त्यांच्या जातिवंत घोड्यांच्या परीक्षणात डोकं, मान, पाठ, पाय, खूर यांना गुण असतात, आयाळ-शेपटीलाही गुण असतात, पण रंगाचा रकानाच नाही. मला ही व्यवस्था फार आवडते.

म्हणून अबलख वेल्श घेऊन जातीच्या गटात उतरलात आणि बाहेर काढलं गेलात, तर तो पूर्वग्रह नव्हे, तो नियम आहे. नियम पटत नसेल तर तो बदलून घेण्याचा मार्ग संस्थेच्या सभेतून जातो, रिंगमधून जात नाही. आणि नियम बदलतात. अमेरिकन क्वार्टर हॉर्सची संस्था 1940 मध्ये सुरू झाली आणि तिने अंगावर ठरावीक मर्यादेबाहेर पांढरं असलेल्या घोड्यांना नोंदणी नाकारली. घोडे तेच, आईबाप तेच, फक्त पांढरा डाग सीमारेषेपलीकडे गेला म्हणून बाहेर. ज्यांचे घोडे असे नाकारले गेले ते लोक एकत्र आले. त्यांच्या धडपडीतून 1965 मध्ये अमेरिकन पेंट हॉर्सची संस्था उभी राहिली. क्वार्टर हॉर्सवाल्यांनी पांढऱ्याचा तो नियम शेवटी 2004 मध्ये काढून टाकला. दुसरीकडे पोनी ऑफ द अमेरिकाज ही जात बघा. 1954 मध्ये आयोवात तिची सुरुवात झाली ती अंगावर हाताच्या पंजासारखा काळा डाग असलेल्या एका शिंगरापासून. तिथे ठिपके चाळीस फुटांवरून दिसले पाहिजेत असा दंडकच होता. एकीकडे जे अंगावर असलं की बाहेर काढतात, तेच दुसरीकडे नसलं की बाहेर काढतात.

जातीचा गट नसेल, खुला गट असेल आणि नियमावलीत रंगाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल, तर तुमच्या पोनीचा तिथे इतरांइतकाच हक्क आहे. नियमावलीचं ते पान छापून फाइलमध्ये ठेवा. मी ठेवते.

आपल्या पोनीचा रंग नावाने ओळखा

हे वाचायला सोपं वाटतं, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. काजळ नावाची माझी दुसरी घोडी आहे. अंग चॉकलेटी, त्यावर फिकट गोल नक्षी, आयाळ आणि शेपूट जवळजवळ रुपेरी. तिला मी कित्येक महिने "फिकट आयाळीची तांबडी" म्हणून नोंदवत होते. एकदा रिंगमध्ये परीक्षक म्हणाले, "हिचा रंग उतरलाय, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या." मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. नंतर केसांची तपासणी केली. काजळ मुळात काळी आहे आणि तिच्यात सिल्व्हर जनुक आहे. हे जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करतं. काळं अंग चॉकलेटी होतं, काळी आयाळ रुपेरी होते. तांबड्या घोड्यात तेच जनुक असलं तरी दिसत नाही, पण शिंगरात उतरतं.

तपासणी सोपी आहे. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेकडे पाठवायचे. कापलेले केस चालत नाहीत, कारण डीएनए केसाच्या मुळाशी असतो. केस कोरडे हवेत आणि कागदी पाकिटात हवेत, प्लॅस्टिकमध्ये दमट होतात. आलेला अहवाल पोनीच्या पासपोर्टबरोबर, म्हणजे तिच्या ओळख-पुस्तिकेबरोबर ठेवा.

नेहमी गल्लत होणाऱ्या आणखी दोन जोड्या सांगते. बकस्किन आणि डन दोन्ही पिवळसर, दोन्हींची आयाळ काळी. पण डनच्या पाठीवरून आयाळीपासून शेपटीपर्यंत ठळक गडद रेघ जाते आणि पुष्कळदा पायांवर आडवे पट्टे असतात. बकस्किनमध्ये क्रीम जनुकाची एक प्रत (आई किंवा बाप, एकाकडूनच आलेली) असते, तिथे ही रेघ नसते. दुसरी जोडी रोन आणि सबजा. रोनमध्ये पांढरे केस अंगभर मिसळलेले असतात, पण डोकं आणि पायांचा खालचा भाग गडद राहतो आणि वर्षागणिक तो पांढरा होत जात नाही. सबजा मात्र दरवर्षी उजळतो, चेहऱ्यासकट. रोनच्या अंगावर खरचटलं की तिथे गडद केस येतात. त्यामुळे जुन्या ओरखड्यांचे काळे डाग दिसले तर घाबरू नका, पण परीक्षकांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

नाव माहीत असलं की आवाजात फरक पडतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एकाने काजळच्या रंगाबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सिल्व्हर आहे सर, मूळ काळी." ते खाली वाकले, आयाळ हातात घेतली, मुळापासून टोकापर्यंत बघितली आणि म्हणाले, "अच्छा." तिथून पुढे ते तिचे पाय बघायला लागले. मला तेवढंच हवं होतं.

दोन समजुती तर लगेच खोडून काढाव्या लागतात. पांढरा खूर काळ्या खुरापेक्षा ठिसूळ असतो, हे खरं नाही. खुराची ताकद रंगद्रव्यावर ठरत नाही. आणि निळा डोळा म्हणजे अधू डोळा नव्हे.

डोळ्याला वाट करून द्या

आता चित्राच्या पट्ट्याचं काय केलं ते सांगते, कारण सगळ्यात जास्त फायदा मला इथे झाला.

पोनीला सपाट जागी, साध्या पार्श्वभूमीपुढे उभं करा. कॅमेरा पोनीच्या छातीच्या उंचीला धरा आणि डावी बाजू, उजवी बाजू, समोरून आणि मागून असे चार फोटो घ्या. मोबाईलमध्ये ते काळे-पांढरे करा. मग डोळे थोडे मिचकावून बघा, सगळ्यात आधी नजर कुठे जाते? तिथे रंगाची कड आहे. ती कड शरीराच्या कुठल्या रेषेला कापते ते शोधा. खांद्यावर उभा पांढरा डाग असेल तर मान आखूड भासते. मागच्या एकाच पायाचा ढोपराजवळचा भाग पांढरा असेल तर तो पाय जास्त उचलतोय असं वाटतं, आणि दुडकी चालीत "मागून असमान चालतो" असा शेरा मिळतो. पोटाखाली पांढरं चढलेलं असेल तर पोट उचललेलं, भुकेलं दिसतं. तोंडावरचा पट्टा एका बाजूला झुकलेला असेल तर डोकं वाकडं धरलंय असं वाटतं.

हीच गोष्ट व्हिडिओत करा. दुडकी चालीत समोरून आणि मागून व्हिडिओ घ्या, काळा-पांढरा करा आणि पाव वेगाने लावा. पाय खरोखर असमान पडत असतील तर घोड्यांच्या डॉक्टरांना बोलवा. हा लंगडेपणा आहे, त्याला रंगाचं पांघरूण घालू नका. असमान पडत नसतील, तर तो रंगाचा भास आहे हे तुम्हाला कळलं आणि कोणी विचारलं तर दाखवायला व्हिडिओ आहे.

चित्राची उजवी बाजू डावीपेक्षा शांत आहे. उजव्या बाजूला काळा रंग खांद्यावरून मागे उतरतो आणि पट्टा अरुंद होतो. हाती धरून दाखवण्याच्या गटात आपण घोड्याच्या डाव्या बाजूने चालतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना मधे उभ्या असलेल्या परीक्षकांना उजवी बाजू दिसते, आपणही मध्ये येत नाही. म्हणून त्या फेऱ्यांत मी तिला सगळ्यात मोकळं चालवते. डावी बाजू समोर येते ती रांगेत उभं करताना. तिथे मी तिला इतरांपेक्षा थोडं जास्त वेळ, चारही पाय नीट दिसतील असं, मान किंचित पुढे सोडून उभी करते. मान पुढे आली की काळ्या भागाची लांबी वाढते आणि मधला पट्टा त्या मानाने आखूड दिसतो. हे आरशात बघून सुचलेलं नाही, पंधरा-वीस फोटो काढून शिकले.

खोगिराखालचं कापड अंगाच्या आकाराचं आणि त्याच्याखाली येणाऱ्या रंगाशी जुळणारं घ्या. चित्रावर काळं कापड घातलं की पांढऱ्यात आणखी एक ठिगळ पडायचं. पांढरं घातलं आणि पाठ एकसंध झाली. लगामाची कपाळपट्टी साधी हवी. ज्या चेहऱ्यावर आधीच अर्धा पांढरा, अर्धा काळा आहे त्यावर रंगीत मण्यांची पट्टी घातली की बिचाऱ्या डोळ्याला थांबायला जागाच राहत नाही. पट्ट्याची रुंदी डोक्याच्या मानाने: लांबट डोकं असेल तर नाकावरचा पट्टा थोडा रुंद, लहान डोकं असेल तर अरुंद. स्वाराचा कोट गडद आणि साधा असू द्या.

रंग लावणं, डाग झाकणं हे मात्र करू नका. बहुतेक शोमध्ये नैसर्गिक रंग बदलणाऱ्या कुठल्याही गोष्टीला बंदी असते. बंदी नसली तरीही करू नका. आपण रंगाला मान मिळावा म्हणून उभे आहोत आणि आपणच तो लपवायचा, हे मला पटत नाही.

धुणं, कातरणं आणि ऊन

पांढऱ्या भागावर लघवीचे पिवळे डाग पडतात आणि ते शोच्या सकाळी निघत नाहीत. चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी तेवढाच भाग धुवा. जांभळा शाम्पू डागावर उत्तम चालतो, पण बाटलीवर लिहिल्यापेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका, पांढरा भाग जांभळट होतो. पाय धुऊन ओले असतानाच त्यावर मक्याचं पीठ किंवा खडूची भुकटी चोळा. वाळल्यावर मऊ ब्रशने झटका, पाय दुधासारखे निघतात. काळ्या आणि पांढऱ्या भागांसाठी खराऱ्याचे ब्रश वेगळे ठेवा. काळ्या अंगावर पांढरी धूळ बसली की कड पुसट होते आणि सगळं जनावर मळकट दिसतं. कड जितकी स्वच्छ, तितका रंग मुद्दाम जपलेला वाटतो.

फिकट खुरांना काळं तेल लावू नका, बिनरंगाचं लावा. ठिपकेदार पोनीच्या खुरांवर उभ्या रेघा असतात, त्या तर दिसल्याच पाहिजेत.

केस कातरायचे असतील तर शोच्या किमान तीन आठवडे आधी. सिल्व्हर, डन आणि बकस्किन या रंगांत केसाच्या टोकाचा रंग आणि मुळाचा रंग वेगळा असतो. काजळला मी एकदा शोच्या चार दिवस आधी कातरलं आणि ती उंदरासारखी करडी निघाली, नक्षी सगळी गेली. आता आधी खोगिराखाली झाकल्या जाणाऱ्या जागी तळहाताएवढा भाग कातरून बघते, रंग कसा निघतो ते कळलं की पुढचं ठरवते.

पांढऱ्या डागांखालची कातडी गुलाबी असते आणि उन्हात भाजते. नाकपुड्या, ओठ, डोळ्यांभोवती जस्ताचं मलम लावा. शोसाठी तोंडाला चकाकी यावी म्हणून तेल लावायची पद्धत आहे, ती गुलाबी तोंडाच्या पोनीसाठी वाईट आहे. तेल ऊन ओढतं. डोळ्यांजवळच्या गुलाबी कातडीवर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर थांबू नका, तिथे कर्करोगाचा धोका जास्त असतो. शो चुकला तरी चालेल.

मोगरा आणि अंधारातला हॉल

हे मी सगळ्यांना सांगते, कारण यात पोनीवर अन्याय होतो आणि तो आपल्या अज्ञानामुळे होतो.

मोगरा हा माझा आणखी एक पोनी. जवळजवळ पूर्ण पांढरा आहे, अंगावर मोजून सात-आठ ठिपके. बाहेरच्या रिंगमध्ये लोण्यासारखा चालायचा. एकदा बंद हॉलमध्ये संध्याकाळचा गट होता. उजेडातून आत शिरताना तो दारातच थिजला, मग बाजूला उसळला आणि कठड्याला धडकला. परीक्षकांनी लिहिलं, "स्वभाव अविश्वसनीय." मी त्याला ओरडले. आजही ते मला डाचतं.

ठिपक्यांचा रंग ज्या जनुकामुळे येतो त्याला एलपी म्हणतात. त्याच्या दोन प्रती असलेले घोडे जन्मापासून रातांधळे असतात. हे अशाच फार कमी ठिपक्यांच्या, जवळजवळ पांढऱ्या घोड्यांत दिसतं. दिवसा त्यांना व्यवस्थित दिसतं, मंद उजेडात दिसत नाही. मोगरा हट्टी नव्हता. त्याला दार दिसत नव्हतं.

तुमच्याकडे असा पोनी असेल तर आधी एलपीची तपासणी करून घ्या. दोन प्रती निघाल्या तर संध्याकाळचे आणि बंद हॉलमधले गट टाळा, किंवा हॉल चांगला उजळलेला आहे याची आधी स्वतः जाऊन खात्री करा. उजेडातून अंधारात नेताना दारात थांबा, आवाजाने आणि हाताने सांगत आत न्या. वाहनात चढवताना आतला दिवा लावा. माझा मोगरा आता फक्त सकाळच्या गटात उतरतो.

असंच बहिरेपणाचं. तोंडभर पांढरा पट्टा, निळे डोळे असलेल्या स्प्लॅश रंगाच्या काही घोड्यांना ऐकू येत नाही. असा पोनी हाक मारून वळत नाही, म्हणून "लक्ष नाही" असा शेरा बसतो. मागे उभं राहून, सावली न पाडता, टाळी वाजवून बघा. ऐकू येत नसेल तर हाताच्या आणि दोराच्या खुणांवर शिकवा. असे घोडे गर्दीच्या आवाजाने बिचकत नाहीत, त्यामुळे कित्येक रिंगमध्ये उलट शांत असतात.

रिंगमध्ये

जागा निवडायची मुभा असेल तर दुसऱ्या झगझगीत पोनीच्या मागे जाऊ नका. दोन अबलख एकामागे एक चालले की परीक्षक ठिगळांची तुलना करतात. साध्या तांबड्या, चांगल्या चालीच्या पोनीच्या मागे, दोन घोड्यांचं अंतर ठेवून चाला.

चालण्याची पहिली फेरी सगळ्यात महत्त्वाची. रंग दिसायला क्षण लागतो, चाल दिसायला चार पावलं लागतात. ती चार पावलं लांब आणि सरळ पडली पाहिजेत. म्हणून घरी रोज दहा मिनिटं नुसतं सरळ चालवा, दोर सैल ठेवून. बाकी शिस्त सगळ्यांना लागते तीच, फक्त आपल्याला थोडी जास्त लागते, कारण आपला पोनी चुकला तर सगळ्यांच्या लक्षात राहतो.

वही

मनाचा पूर्वग्रह आहे का, हे एका निकालावरून कळत नाही. म्हणून वही ठेवा. प्रत्येक शोनंतर त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, गट, किती पोनी होते, आपला क्रमांक, परीक्षक कोण, त्यांनी वापरलेले नेमके शब्द, पोनी त्या दिवशी कसा वागला, वजन कसं होतं, पायात काही होतं का. हे शेवटचे रकाने प्रामाणिकपणे भरा. मी एकदा वर्षाची वही चाळली तेव्हा दिसलं, चित्राचे सगळ्यात वाईट चार निकाल ती जाड असतानाचे होते. त्यात रंगाचा काही संबंध नव्हता, माझा होता.

उलट असंही दिसलं की एका परीक्षकांसमोर आम्ही पाच वेळा गेलो, तीन वेगळ्या पोनींसह, आणि पाचही वेळा शेवटच्या दोघांत आलो. इतर परीक्षकांसमोर तेच पोनी त्याच आठवड्यांत वर होते. एवढं जमलं की त्याला योगायोग म्हणवत नाही.

विचारायचं कसं? गट संपल्यावर, निकाल जाहीर झाल्यावर, रिंग स्टुअर्डमार्फत, म्हणजे रिंगची व्यवस्था बघणाऱ्या माणसामार्फत, दोन मिनिटं मागा. "रंगामुळे खाली ठेवलंत का?" असं विचारू नका, त्यावर कोणीही "नाही" म्हणेल आणि संभाषण तिथे संपेल. विचारा, "हिच्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पोनीत बांध्याचा फरक कोणता दिसला?" या प्रश्नाला उत्तर द्यायला बांधा बघितलेला असावा लागतो. ज्यांनी बघितला असेल ते खांदा, पाठ, ढोपर असं काहीतरी ठोस सांगतात आणि ते तुमच्या कामाचं असतं, कितीही टोचलं तरी. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्याकडून "जरा भडक वाटते", "शो पोनी असा नसतो" असे शब्द येतात. ते तसेच वहीत उतरवा. वाद घालू नका, आभार माना, निघा. बरोबर एक माणूस न्या, त्याने ऐकलेलं असू द्या.

परीक्षक सरळ म्हणाले की रंगामुळे खाली ठेवलं आणि नियमावलीत तो रंग चालतो, तर ती तक्रारीची बाब आहे. तक्रारीची मुदत बऱ्याचदा फार थोडी असते, कधी त्याच दिवसापुरती, आणि अनामत रक्कम भरावी लागते. हे नियम आधीच वाचून ठेवा. अर्जात तीनच गोष्टी लिहा: नियमाचा क्रमांक, बोललेले शब्द, साक्षीदार. पोनी किती गुणी आहे, किती वर्षं मेहनत केली, हे लिहायचा मोह होतो. मी पहिल्या अर्जात दोन पानं तेच लिहिलं होतं, त्याला उत्तरही आलं नाही. दुसरा अर्ज सहा ओळींचा होता. त्यावर समितीने लेखी कळवलं की रंगाबाबतचा नियम सर्व परीक्षकांना पुन्हा पाठवला जाईल. निकाल बदलला नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षकांच्या टेबलावर ते पान मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

रंगांचे वेगळे गट, आणि पैदास

फक्त अबलख किंवा ठिपकेदार पोनींसाठी वेगळे गट असतात. नव्या पोनीला आणि नव्या मुलांना तिथून सुरुवात करून द्या, रिंगची सवय होते, अवतीभवती समजून घेणारी माणसं असतात. पण तिथेच मुक्काम करू नका. काही ठिकाणी तिथे नुसत्या नक्षीवर क्रमांक लागतात आणि वाकड्या पायाचा पोनी सुंदर डागांवर पहिला येतो. तोही रंगाचाच पूर्वग्रह आहे, फक्त आपल्या बाजूचा, आणि जातीचं नुकसान तोही करतो.

रंगासाठी पैदास करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की तपासणीशिवाय जोडी लावू नका. फ्रेम नावाच्या नक्षीचं जनुक आई आणि बाप दोघांत असेल तर चारात एक या हिशेबाने शिंगरू पूर्ण पांढरं जन्मू शकतं, आतड्यांच्या नसा नीट तयार न झालेलं, आणि ते काही दिवसांत जातं. या जनुकाचे काही वाहक अंगावर जेमतेम पांढरं घेऊन फिरतात, नजरेला ओळखू येत नाहीत. सिल्व्हरच्या दोन प्रती आल्या तर डोळ्यांत गंभीर जन्मजात दोष येतात, म्हणून काजळला मी सिल्व्हर घोडा कधीच लावणार नाही. ही तपासणी त्याच वीस-तीस केसांत होते.

माझी पुतणी आता चित्रावर बसते. गेल्या शोमध्ये ती नऊ जणांत आठवी आली. ती रडली नाही, पण बोलतही नव्हती. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी खोगीर उतरवायचं, घाम पुसायचा, पाणी दाखवायचं, पाय चाचपायचे. एवढं होईपर्यंत निकालाबद्दल कोणी काही विचारत नाही. मग ती वहीत लिहिते. त्या दिवशी तिने लिहिलं, "दुडकीत उजव्या वळणावर मी आत झुकले. जज म्हणाले, खांदा चांगला आहे." पाठीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.